सोबतीची अट

दि. ११ नोव्हेंबर २०२४. रुपये एक हजार चारशे पन्नास फक्त. वर्षाराणी खोत यांनी हे पैसे माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मोबाइलवरनं तेवढं भरा. माझ्यावरनं भरलं की मालकास्नी मेसेज जातोय."

"म्हणजे घरी सांगितलं नाही?"

"सांगितलंय की. दोनशे किलोमीटर सांगितलंय. चौदाशे पन्नास सांगितलं न्हाय."

मी फी भरली आणि त्यांच्यासमोरच प्रवेशाचा अर्ज भरायला घेतला. वय एक्केचाळीस. गाव पाचगाव. 'सायकल चालवण्याचा पूर्वानुभव' या रकान्यापाशी मी थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा, पिग्मी."

मी एका पतसंस्थेच्या शाखेचा व्यवस्थापक आहे. येत्या मे अखेर निवृत्त होईन. वर्षाराणी आमच्या पिग्मी एजंट. म्हणजे रोज दुकानादुकानांत जाऊन लोकांची बचतीची छोटी रक्कम गोळा करायची, पावती द्यायची आणि संध्याकाळी शाखेत भरणा करायचा. आमचे बाकीचे एजंट मोपेडवर फिरतात. संस्थेने वर्षाराणींनाही मोपेडसाठी कर्ज देऊ केले होते. त्यांनी नको म्हटले. नवऱ्याच्या जुन्या काळ्या सायकलवरून त्या पाचगावचा उतार उतरून शहरात येतात, मंगळवार पेठ, राजारामपुरी, शाहूपुरी असे फिरतात आणि दिवेलागणीला तोच चढ चढून घरी जातात. अकरा वर्षे हे चालले आहे. त्यांचे यजमान जोतीराम शिरोलीच्या कारखान्यात फिटर आहेत. घरी सासूबाई धोंडुबाई, दोन म्हशी आणि कॉलेजला जाणारी एक मुलगी.

त्यांच्या गिऱ्हाइकांत उदयसिंह सरनोबत होते. टायरच्या शोरूमचे मालक आणि कोल्हापूरच्या दूरपल्ला सायकल मंडळाचे अध्यक्ष. हे मंडळ दोनशे, तीनशे किलोमीटरच्या राइड भरवते. त्यात शर्यत नसते. ठरलेल्या वेळेत अंतर कापायचे, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, मधे कोणाची मदत घ्यायची नाही. या राइडचे नियम मंडळ ठरवत नाही, ते वरच्या संघटनेकडून येतात. मंडळाने फक्त ते पाळायचे आणि वेळेत आलेल्यांची नावे वर कळवायची, मग तिथून प्रमाणपत्र येते.

मंडळात शंभरावर सभासद होते आणि बाई एकही नव्हती. दरवर्षी बातमीत 'महिलांनीही सहभागी व्हावे' असे वाक्य असायचे. ते वाक्य वाचून कोणी आले नव्हते. एकदा पिग्मीची पावती घेताना उदयसिंह वर्षाराणींना म्हणाले, "ताई, तुमचं रोजचं तीस-पस्तीस किलोमीटर होतंय. आमची पोरं एवढं आठवड्याला करत नाहीत. आमच्यात या की."

"मला कशाला? तुमची बंदुकीच्या गोळीवानी पळायची सायकल मला झेपत न्हाय."

"सायकल मंडळ देतं. तुम्ही फक्त या. तुम्ही आला की चार बायका येतील."

वर्षाराणी गेल्या आणि चार नव्हे, नऊ बायका आणल्या. सगळ्या पिग्मीच्या वाटेवरच्या. मंगळवार पेठेत खानावळ चालवणारी संयोगिता, एक शिवणकामवाली, दवाखान्यातली परिचारिका, बालवाडीच्या दोन बाई, अशा. दर रविवारी सकाळी त्या निघायच्या. आधी कात्यायनीपर्यंत, मग ज्योतिबाच्या पायथ्यापर्यंत, दिवाळीच्या आधी एकदा नृसिंहवाडीपर्यंत जाऊन दत्ताचे दर्शन घेऊन परत. नृसिंहवाडीहून आल्यावर परिचारिका बाई शाखेत येऊन मला सांगून गेल्या की त्यांना आता बसप्रवास आवडेनासा झाला आहे. मला ऐकून बरे वाटले होते.

पण वाडी वेगळी आणि दोनशे किलोमीटर वेगळे. वाडीला देव आहे, त्यामुळे घरचे काही बोलले नाहीत. दोनशेचे नाव काढल्यावर नऊच्या नऊ घरांतून नकार आला.

आमच्याकडे बाईला दवाखान्यात पाठवायचे असो, माहेरी किंवा लांबच्या शेतावर, पहिला प्रश्न एकच असतो: सोबत कोण? सोबत असली म्हणून परवानगी मिळतेच असे नाही. सोबत नसली तर मात्र मिळतच नाही. हे वर्षाराणींना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते. मंडळाच्या बैठकीत त्या उठून म्हणाल्या, "बायका एकट्या सोडू नका. जोडीनं सोडा. एकीनं दुसरीला सोडून जायचं न्हाय, एक थांबली की दुसरी थांबली. असं तुमच्या कागदावर लिवा. मग मी सासवांस्नी सांगतो."

मी मंडळाचा खजिनदार म्हणून तिथे बसलो होतो. माझ्या गुडघ्यांमुळे मी सायकल चालवत नाही, हिशेब बघतो. मी विचारले, "एक थांबली तर दुसरीची मेहनत फुकट जाणार. त्याचं काय?"

उदयसिंह हसले. "साहेब, थांबणारी जोडी आपण देणारच नाही."

ठराव एकमताने झाला. उदयसिंह म्हणाले की हे पुण्या-मुंबईच्या मंडळांनाही सुचले नाही. डिसेंबरमध्ये पहिल्यांदा एकच जोडी सोडायची, ती नीट आली की फेब्रुवारीत बाकीच्या सोडायच्या, असेही ठरले. पहिल्या जोडीत वर्षाराणी असणार हे उघड होते. दुसरी म्हणून उदयसिंहांनी पूर्णिमाताईंचे नाव सुचवले. राजारामपुरीत त्यांचे कपड्यांचे बुटीक आहे. यजमान सौमित्र उदयसिंहांचे मित्र. पूर्णिमाताई नुकत्याच मंडळात आल्या होत्या, शंभर किलोमीटर एकदा करून आल्या होत्या आणि त्यांची सायकल एका हाताने उचलता येत असे.

मग वर्षाराणी घरोघर गेल्या. संयोगिताच्या घरी मीही गेलो होतो, कारण तिचे सासरे आमचे जुने ठेवीदार. पण बोलल्या त्या सासूबाई, विठाबाई. त्या खानावळीच्या मागच्या पडवीत मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या.

"बाईमाणसानं सायकलवरनं नेसरीला कशाला जायचं? एसटी बंद झाल्या का?"

"न्हाय की मावशी. एसटीत बसून दम लागत न्हाय."

"दमच लावून घ्यायचा असंल तर बस की हितं. मसाला कुटायचा हाय."

"कुटतो. फेब्रुवारीत सुनेला सोडा, मी अख्खा दिवस येऊन कुटतो."

विठाबाई हसल्या, पण देठ काढणे थांबले नाही. "वाटंत पाय मुरगाळला, सायकल मोडली, तर कोण बघणार? पोलीस?"

"जोडीदारीण. एकीला सोडून दुसरी जाणार न्हाय. मंडळानं लिवून दिलंय."

"मंडळाचं ऱ्हाऊ दे. उद्या मंडळ बदललं की कागद बदलला. तू सांग."

"मी सांगतो. सोबत सुटणार न्हाय."

"पहिल्या खेपेला तू जाणार. तू कशी येतीस ते बघतो. मग बोलू."

आतून संयोगिताने गुळाचा खडा आणि पाणी आणून दिले. नऊही घरांत थोड्याफार फरकाने हेच बोलणे झाले. सगळ्यांचे डोळे त्या एका राइडकडे लागले. वर्षाराणी वेळेत, धडधाकट आणि सोबतिणीसकट परत आल्या तर फेब्रुवारीत नऊ बायका सुटणार होत्या. नाहीतर कोणीच नाही.

पुढचे पाच रविवार वर्षाराणी आणि पूर्णिमाताई बरोबर सायकल चालवत होत्या. पूर्णिमाताई बोलायला गोड. 'वर्षू' म्हणायच्या. खजूर-बदामाच्या वड्या करून आणायच्या. एका रविवारी त्यांनी स्वतःचे जुने हातमोजे वर्षाराणींना दिले. सोमवारी भरणा करायला आल्यावर वर्षाराणी ते मोजे मला दाखवत म्हणाल्या, "बाई लई साधी हाय, साहेब. एवढ्या मोठ्या घरची, पण बोलताना कळत न्हाय." धोंडुबाईंनी त्यांच्यासाठी घरच्या तुपाची बरणी पाठवली. ती बरणी शाखेत माझ्या कपाटावर दोन दिवस होती, म्हणून मला आठवते.

रविवार, १५ डिसेंबर. सकाळी सहाला शोरूमसमोरून राइड निघाली. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी आणि पुढे चंदगड तालुक्यातल्या एका फाट्यापर्यंत जायचे, त्याच वाटेने परत. साडेतेरा तास. शोरूमवर मोठा फलक लावला होता, 'महिलांचा प्रथमच सहभाग'. त्याच्याखाली दोघींचा फोटो काढला. पाहुण्यांनी झेंडा दाखवला, उदयसिंहांचे भाषण झाले. मी त्याआधीच माझी गाडी घेऊन नेसरीकडे निघालो होतो, कारण तिथला शिक्का माझ्याकडे होता.

नेसरीत एसटी स्टँडच्या अलीकडे झाडाखाली टेबल टाकले. केळी, पाणी, मिठाच्या गोळ्या मांडल्या. दहापासून पुरुष यायला लागले. साडेदहाला सौमित्र त्यांची मोठी गाडी घेऊन आले. मागे सायकल अडकवायची पट्टी होती. त्यांनी माझ्याबरोबर चहा घेतला. संध्याकाळी पाचला घरी भाचीचा साखरपुडा आहे, असे बोलता बोलता म्हणाले. मला वाटले, बायकोला बघायला आले असतील आणि परत जाऊन पाहुण्यांचे बघतील.

सव्वाअकराला दोघी आल्या. उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ तोंडावर बसली होती, पण चेहरे उजळ होते. वेळेच्या हिशेबात त्या चांगल्या पुढे होत्या. वर्षाराणींनी केळे घेतले. पूर्णिमाताईंनी हेल्मेट काढून गाडीच्या टपावर ठेवले आणि म्हणाल्या, "चला, झालं आपलं."

"काय झालं?"

"माझं इथपर्यंतच गं. आज साखरपुडा आहे ना घरी. केस धुवायचे, साडी नेसायची. आधीच उशीर झालाय."

"आज हाय?"

"आजच. राइडची तारीख ठरली तेव्हाच मी उदयसिंहदादांना सांगितलं होतं, नेसरीपर्यंत येते म्हणून. ते म्हणाले, चालेल, निघताना जोडी दिसली पाहिजे, पुढचं मी बघतो. तुला बोलले नाहीत?"

वर्षाराणींच्या हातातले केळे अर्धे सोललेले राहिले. "दादा न्हाय बोललं. तुम्ही? पाच रविवार माझ्यासंगट होता."

"मला वाटलं तुला माहीत असेल. आणि सांगितलं असतं तर तू हिरमुसली असतीस."

मी उदयसिंहांना फोन लावला आणि वर्षाराणींच्या हातात दिला. त्यांना फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, त्या स्पीकर लावून समोर धरून बोलतात. त्यामुळे आम्ही तिघांनीही सगळे ऐकले.

"वर्षाताई, मी सौमित्ररावांना सांगून ठेवलंय. गाडीला दोन सायकली बसतात. आरामात या. नेसरीपर्यंत आला म्हणजे काय कमी झालं का? उद्या बातमी लावतो, दोघींचा फोटो."

"दादा, राइड दोनशेची हाय."

"हो, पण जोडी सुटली की तुम्हाला पुढे जाता येत नाही. अट आहे. अट तर तुम्हीच आणलीय, ताई."

"अट सोबतीची हाय. सोबत देतो म्हणून न देण्याची न्हाय."

"आता रस्त्यावर वाद नको. या तुम्ही, बसून बोलू." फोन बंद झाला.

"चल की गं," पूर्णिमाताई म्हणाल्या. "तशीच आमच्याकडे जेवायला ये. पुरणपोळी आहे."

वर्षाराणींनी फोन मला परत दिला आणि राहिलेले केळे खाल्ले. त्या गाडीत बसल्या असत्या तर नऊ घरांत निरोप गेला असता की बायकांना नेसरीच्या पुढे जमत नाही. पुढे गेल्या तर नऊ घरांत दिलेला शब्द त्यांच्याच नावावर मोडणार होता. हे मला समजत होते, त्यांना तर समजत होतेच.

"साहेब, हित्तनं पुढं जायला वरच्या नियमाची काय आडकाठी हाय?"

"वरच्या नियमाची काही नाही."

"मग शिक्का मारा."

मी शिक्का मारला. त्यांनी कार्ड पिशवीत ठेवले. पूर्णिमाताईंची सायकल सौमित्रना पट्टीवर चढवता येईना, तेव्हा वर्षाराणींनी स्वतः हात लावला, पट्टे आवळून बघितले. मग गाडीचे दार लागेपर्यंत थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सोबतिणीला तिच्या नवऱ्याच्या हवाली केलंय. तुम्ही बघितलंय. कुणी इचारलं तर सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

गाडी कोल्हापूरकडे गेली आणि त्या चंदगडकडे.

दुपारी परत नेसरीला आल्या तेव्हा ऊन चढले होते. टेबलाजवळ जमिनीवर बसून त्यांनी पिशवीतली भाकरी आणि खर्डा खाल्ला. मी रस्त्याची चौकशी केली. "वारा समोरनं हाय," एवढेच म्हणाल्या. पाणी पिऊन झाल्यावर, सायकल उभी करत, दुसरे वाक्य बोलल्या. "मला फोटोसाठी घेतलंतं, साहेब."

शेवटचा सायकलस्वार गेल्यावर मी टेबल गुंडाळले. संकेश्वरच्या पुढे त्या मला रस्त्यात दिसल्या. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकल्या होत्या आणि अंधारायला अजून वेळ होता. माझी गाडी त्यांच्या मागे ठेवली असती तर निदान मागून येणाऱ्या वाहनांचा त्रास कमी झाला असता. पण गाडीने सोबत करणे नियमात बसत नाही आणि तेवढ्यावरून कोणी त्यांचे नाव कापले असते. मी हॉर्न न वाजवता पुढे गेलो.

त्या सात वाजून चार मिनिटांनी शोरूमसमोर आल्या. साडेसातपर्यंत वेळ होता. फलक काढून गुंडाळून ठेवला होता, शटर अर्धे खाली होते. उदयसिंह साखरपुड्याला गेले होते. मंडळाचे एक सभासद पायरीवर बसले होते, त्यांनी कार्डावर वेळ लिहून सही केली. जोतीराम मोटरसायकल लावून उभे होते.

"झालं?"

"झालं."

"किती ऱ्हायलं?"

"काय ऱ्हायलं न्हाय. समदं झालं."

"मग चल. धारा काढायच्या ऱ्हायल्यात." पण त्यांनी तिची सायकल स्वतःच्या हातात घेतली आणि शोरूमच्या आत भिंतीला नीट टेकवून ठेवली, सकाळी येऊन न्यायची म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर निघतानाचा फोटो आला. खाली मजकूर होता, 'महिला जोडीची नेसरीपर्यंत यशस्वी दौड.' एकाने विचारले, 'वर्षाताई पूर्ण करून आल्या ना?' त्यावर उदयसिंहांनी लिहिले, 'जोडीदारास वाटेत सोडून पुढे गेल्याने मंडळाच्या अटीनुसार ग्राह्य नाही.' त्या ग्रुपमध्ये दोन बायकांचे नवरे होते. दुपारपर्यंत हे वाक्य नऊ घरांत पोचले. जाताना त्यातली 'अट' गळाली आणि 'सोडून गेली' तेवढे राहिले.

आठवड्याने बैठक झाली. मी नेसरीला जे पाहिले आणि ऐकले ते क्रमाने सांगितले. ही अट वरच्या नियमात नाही, त्यामुळे नाव कळवायला अडचण नाही, हेही सांगितले. उदयसिंहांनी मधे एकदाही तोडले नाही. माझे झाल्यावर म्हणाले, "साहेब, तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. पण आपणच ठराव करायचा आणि पहिल्याच खेपेला आपणच मोडायचा, तर उद्या दुसरी जोडी ऐकेल का? शेवटी हे त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे." चार माना हलल्या. नाव गेले नाही.

वर्षाराणी मागच्या खुर्चीवर होत्या. पूर्णिमाताई पुढे. बैठक उठल्यावर वर्षाराणी त्यांच्याजवळ गेल्या. मी शेजारीच होतो.

"ताई, माझं नाव ऱ्हाऊ दे. मला ते प्रमाणपत्र न्हाय मिळालं तरी चालंल. तुम्ही फक्त माझ्यासंगट नऊ घरांत चला. तुम्ही आधीच थांबायचं ठरवलं हुतं, एवढं तुमच्या तोंडानं सांगा. बाकी मी काय मागत न्हाय."

पूर्णिमाताईंच्या डोळ्यांत पाणी आले. खोटे नव्हते ते. "अगं, एवढंच ना? येते की. रविवारी सकाळी नऊला जाऊ. गाडी घेऊन येते मी."

रविवारी वर्षाराणी इरकल नेसून, बरोबर पेढ्यांचा पुडा घेऊन पाचगावच्या नाक्यावर उभ्या राहिल्या. साडेनऊला फोन केला. वाजून बंद झाला. दहाला केला. मग मेसेज आला, 'वर्षू, सॉरी गं, यांचं म्हणणं आहे की मंडळाच्या भांडणात आपण पडायला नको. तू समजून घे.' वर्षाराणींनी मेसेज मला दाखवला तेव्हा त्यातल्या 'आपण' या शब्दावर बोट ठेवले.

त्या एकट्याच नऊ घरांत गेल्या. मी नको म्हणत होतो. विठाबाईंच्या घरी काय झाले ते संयोगिताने मला नंतर सांगितले. वर्षाराणींनी सगळी हकीकत सांगितली. विठाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तू खोटं बोलत न्हाईस, ते मला कळतंय. तू तिला सोडलं न्हाईस, तिनं तुला सोडलं. पर माझ्या सुनेचं काय? तुझ्यासारख्या बाईला जर वाटंत सोडून जात्यात, तर हिला कोण सांभाळणार? सोबत सुटली का न्हाय, एवढंच सांग."

"सुटली," वर्षाराणी म्हणाल्या.

"मग झालं."

पेढे तिथेच ठेवून त्या उठल्या. फेब्रुवारीच्या राइडला बाई एकही नव्हती. बातमीत मात्र 'महिलांनीही सहभागी व्हावे' हे वाक्य होते. रविवारी सकाळी निघणाऱ्या बायका आधी पाच झाल्या, मग तीन, मग शाळेच्या परीक्षा आल्या. मार्चअखेर मी खजिनदारपद सोडले. दुसरे कोणीतरी मिळाले, अडले काही नाही.

मंडळाची सायकल वर्षाराणींनी राइडच्या दुसऱ्याच आठवड्यात धुऊन, साखळीला तेल घालून परत केली. हातमोजे परत नेऊन देण्यासाठी पूर्णिमाताईंच्या बुटीकमध्ये गेल्या, तर तिथल्या मुलीने ताई आत आहेत पण कामात आहेत असे सांगितले. मोजे काउंटरवर ठेवून आल्या. आता त्या पुन्हा त्यांच्या काळ्या सायकलवर असतात.

उदयसिंहांची पिग्मी अजून चालू आहे. ते खाते मी दुसऱ्या एजंटाकडे देतो म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "कशाला? खातं माझं हाय. मी आणलंय." रोज दुपारी त्या शोरूममध्ये जातात. उदयसिंह पैसे देताना विचारतात, "ताई, राग गेला का न्हाय?" त्या पावती फाडून देतात आणि म्हणतात, "दादा, सही करा." माणूस वाईट नाही, असे मला शहरात पुष्कळ जण सांगतात. मीही त्यांना कधी वाईट म्हटलेले नाही. त्यांना फलकावर दोन बायका हव्या होत्या आणि त्या मिळाल्या.

गेल्या महिन्यात भरणा करून झाल्यावर वर्षाराणी केबिनमध्ये थोडा वेळ बसल्या. मला वाटले रजा मागतील. त्यांनी विचारले, "साहेब, चंदगडला आपली शाखा हाय का?"

"नाही. का?"

"त्या फाट्यावर अंबूबाई म्हणून एक हाय. टपरी हाय तिची. शिक्का मारल्यावर मी तिच्याकडं दोन कप चहा घेतला. सुट्टं न्हवतं आणि मोबाइलला रेंज न्हवती. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेला येशील तवा दे. मी म्हटलं, फेब्रुवारीत येतो, नऊ जणीस्नी घेऊन येतो. तिनं इचारलं, दूध किती लागंल."

त्या बाजूला जाणारे आमचे कोणी नाही. मी दोघा-तिघांना विचारून ठेवले आहे. अंबूबाईंचा फोन नंबर वर्षाराणींकडे नाही. दोन चहाचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.